हौशी आणि धंदेवाईक : खेळाचा मान कशात?

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा पारितोषिक वितरण समारंभात माध्यमिक विभागातील एका सहशिक्षकांनी [बी. ए., बी. एड.] केलेले भाषण)





आजचा दिवस बक्षिसे मिळवणाऱ्या मुलामुलींचा आहे. त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. ज्यांना बक्षीस मिळाले नाही, पण जे शेवटच्या रेषेपर्यंत धावले, त्यांचेही करतो. मुख्याध्यापक साहेबांनी मला खेळावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. खेळाने शरीर सुदृढ होते, मन प्रसन्न राहते, हे आपण दरवर्षी ऐकतो आणि ते खरेही आहे. आज मात्र मी थोडा अडचणीचा विषय घेणार आहे. खेळाडूने खेळण्याबद्दल पैसे घ्यावेत काय? घेतले तर त्याचा मान कमी होतो काय?

हा प्रश्न पुस्तकातला नाही. या वर्षीच्या पालकसभेत दोन तक्रारी आल्या. एक पालक म्हणाले, "शाळेच्या संघातली मुले बाहेर पैसे घेऊन खेळतात, हे आपल्या शाळेला शोभत नाही." त्याच सभेत दुसरे पालक उठून म्हणाले, "सर, खेळून दोन पैसे मिळणार नसतील तर पोराने मैदानावर वेळ का घालवावा?" दोघेही मुलांच्या हिताचेच बोलत होते. एकाला पैशाची लाज वाटत होती, दुसऱ्याला पैशाविना खेळ फुकट वाटत होता. या दोन टोकांच्या मध्ये आपली मुले उभी आहेत, म्हणून या विषयाचा नीट विचार व्हायला हवा.

प्रथम शब्द पाहू. इंग्रजीतील 'अमॅच्युअर' हा शब्द लॅटिनमधील 'प्रेम करणे' या अर्थाच्या धातूपासून फ्रेंच भाषेतून आला. आपण त्याला 'हौशी' म्हणतो. 'प्रोफेशनल'ला मात्र आपल्याकडे पूर्वी सर्रास 'धंदेवाईक' म्हणत. डॉक्टर फी घेतो, वकील फी घेतो, शिक्षक पगार घेतो. त्यांना कोणी धंदेवाईक म्हणून हिणवत नाही. खेळाडूच्याच वाट्याला हा बोचरा शब्द आला. आता 'व्यावसायिक' हा सभ्य शब्द रूढ झाला आहे, पण मनातली अढी पुरती गेलेली नाही. ही अढी आली कोठून?

ती आली एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडातून. तेथील हेन्ली या गावी होणाऱ्या नौकास्पर्धेसाठी १८७९ साली हौशी खेळाडूची व्याख्या ठरवण्यात आली. पैशासाठी शर्यत खेळणाऱ्याला तीत मज्जाव होताच. पण जो मजुरी घेऊन कारागिरी करतो, यंत्रावर काम करतो किंवा अंगमेहनत करतो, तोही हौशी नव्हे, असे ठरले. म्हणजे नाव वल्ह्याचे आणि पारख जन्माची! या स्पर्धेत १९२० साली अमेरिकेच्या जॉन केली या वल्हेपटूचा प्रवेश नाकारण्यात आला. त्याच्या क्लबाशी असलेला जुना वाद आणि त्याने केलेले गवंडीकाम, अशी दोन्ही कारणे सांगतात. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केलीने सुवर्णपदक जिंकले, आणि अंतिम शर्यतीत हरवले ते हेन्लीच्याच त्या वर्षीच्या विजेत्याला.

क्रिकेटमध्ये तर हा भेद प्रत्येक सामन्यात डोळ्यांना दिसे. पैसे न घेणारे ते 'जंटलमेन' आणि पैसे घेणारे ते 'प्लेअर्स'. त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानावर उतरण्याची दारे वेगळी. जंटलमनच्या आडनावाआधी आद्याक्षरे, प्लेअरच्या आडनावानंतर. या दोन वर्गांचे आपापसांतील सामने १८०६ पासून १९६२ पर्यंत चालले, तेव्हा कोठे हा भेद अधिकृतपणे संपला. गंमत अशी की, डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस हे जन्मभर हौशी म्हणवत राहिले आणि मानधन, प्रवासखर्च, गौरवनिधी अशा वाटांनी बहुतेक धंदेवाईकांपेक्षा कितीतरी अधिक कमावत राहिले. मागच्या दाराने पैसे घेणारा तो सद्गृहस्थ आणि हिशेबाच्या वहीवर सही करून घेणारा तो नोकर, असा हा न्याय होता.

हाच न्याय ऑलिंपिकमध्येही आला. १९१२ साली स्टॉकहोम येथे जिम थॉर्प या अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातीतील खेळाडूने पंचक्रीडा आणि दशक्रीडा अशा दोन्ही प्रकारांत सुवर्णपदके मिळवली. पुढच्याच वर्षी असे उघड झाले की, त्याआधी दोन उन्हाळे तो किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळला होता. दोन्ही पदके काढून घेण्यात आली. थॉर्प १९५३ साली वारला. पदके परत देण्याचा निर्णय १९८२ साली झाला आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव नोंदवायला २०२२ साल उजाडावे लागले. जे बेसबॉल तो पोटासाठी खेळला, त्याचा धावण्याशी आणि उड्यांशी काय संबंध होता, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. आपली जुनी परंपरा काही पैशाला विटाळ मानणारी नव्हती. कुस्तीचा इनाम, पैलवानाचा खुराक, दरबारचा आश्रय हे सारे उजळ माथ्याने चाले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला आणि खासबागेचे मैदान बांधले. दतिया आणि पतियाळा दरबारांच्या आश्रयाने वाढलेल्या गामा पैलवानाने १९१० साली लंडन गाजवले. इंदूरच्या होळकरांनी सी. के. नायडू आणि सय्यद मुश्ताक अली यांना आपल्या फौजेत हुद्दे देऊन क्रिकेटसाठी मोकळे ठेवले. हेच मुश्ताक अली १९३६ साली मँचेस्टरला परदेशातील कसोटीत शतक काढणारे पहिले भारतीय ठरले. गामाला किंवा मुश्ताक अलींना कोणी हलके मानले नाही.

परंतु आश्रय हा आश्रयदात्याच्या मर्जीवर असतो, आणि त्यात मजुरी मिळाली तरी मान मिळेलच असे नसते. बाळू पालवणकरांची हकिकत पाहा. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्याच्या क्लबात महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टी झाडत आणि साहेब लोकांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करत. पुढे हिंदूंच्या संघात त्यांचा समावेश झाला तरी चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. या गृहस्थाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले! ज्याला पैसे देऊन राबवून घेतले त्याला पंगतीतही बसवावे, एवढे शिकायला आपल्याला फार वेळ लागला.

मित्रहो, या विषयावर एकच साल अभ्यासायचे असेल तर मी १९५२ हे साल सांगेन.

त्या वर्षी विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली आपला संघ इंग्लंडला गेला. विनू मांकड त्यात नव्हते. त्यांना लँकशायरमधील हॅसलिंग्डन क्लबाने व्यावसायिक खेळाडू म्हणून करार देऊ केला होता. भारतीय संघात निवड नक्की असेल तर करार करत नाही, असे त्यांनी मंडळाला विचारले. तशी हमी मिळाली नाही, म्हणून घरसंसार असलेल्या माणसाने करार केला. पहिल्या कसोटीत, लीड्सला, दुसऱ्या डावात आपले चार गडी शून्यावर बाद झाले. मग धावपळ करून क्लबाकडून मांकडांना मागून घेण्यात आले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि ९७ षटके टाकली. सामना आपण हरलो, पण तो आजही मांकडांच्या नावाने ओळखला जातो. आणि समोरच्या संघाचा कर्णधार कोण होता? लेन हटन, विसाव्या शतकात इंग्लंडने नेमलेला पहिला धंदेवाईक कर्णधार! ज्यांच्याकडून आपण हा भेद उचलला, ते तो सोडू लागले होते.

त्यानंतर महिन्याभरात हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा नियमाप्रमाणे अस्सल हौशी होते, म्हणजे त्यांच्या खिशात पैसे नव्हते. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा खाशाबांचे जाणे झाले. पदक मिळाल्यावरही पोलीस खात्यातील नोकरीसाठी १९५५ साल उजाडले. १९८४ साली ते अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी.

एकाने मोबदला घेतला म्हणून त्याला घरी बसवले. दुसऱ्याने मोबदला घेतला नाही, तर त्याच्यासाठी एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागले. पैशाविना खेळणे हा नियम ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्या सोयीचा असतो. गरिबाला हौस नसते असे नाही; हौसेचा खर्च कोणी तरी उचलावा लागतो, एवढेच.

मग हौशी वृत्तीत घेण्यासारखे काहीच नाही काय? आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्याच लोकांतले आहे. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग संघाने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. त्या संघातील मोहम्मद सलीम १९३६ साली स्कॉटलंडला गेले आणि ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाकडून अनवाणी, पायाला पट्ट्या गुंडाळून खेळले. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर स्तुतीचा वर्षाव केला. घरची ओढ लागल्याने ते परत निघाले, तेव्हा त्यांना थांबवण्यासाठी एका मदत-सामन्याच्या उत्पन्नातील हिस्सा देऊ करण्यात आला. सलीम यांनी तो अनाथ मुलांना देण्यास सांगितले. पुढे उतारवयात ते आजारी असताना मुलाने क्लबाला पत्र लिहिले. क्लबाला वडिलांची आठवण आहे का, एवढेच त्याला पाहायचे होते. क्लबाने शंभर पौंडांचा ड्राफ्ट पाठवला.

सलीम यांनी पैसे सोडले ते कोणा क्लबाच्या नियमामुळे नव्हे, तर स्वखुशीने. सक्तीची हौस आणि मनाची हौस यांत हाच फरक आहे. नियमाने लादलेले हौशीपण गरिबाला दाराबाहेर ठेवते. मनातले हौशीपण माणसाला मोठे करते.

पुढे जगाने हा नियम सोडला. रॉड लेव्हरने १९६२ साली टेनिसच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि व्यावसायिक झाल्याबरोबर त्याला त्याच स्पर्धांची दारे बंद झाली. १९६८ साली टेनिस सर्वांना खुले झाले, आणि १९६९ साली त्याने पुन्हा चारही स्पर्धा जिंकून दाखवल्या. पगार घेतल्याने त्याचा हात बिघडला नव्हता. ऑलिंपिकनेही १९८० नंतर एकेका खेळाला मोकळीक दिली. १९९२ साली बार्सिलोनात अमेरिकेचे लक्षाधीश बास्केटबॉलपटू उतरले. २०२४ साली पॅरिसमध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने प्रत्येक सुवर्णपदकामागे ५० हजार डॉलर दिले. ज्या मैदानी खेळांत थॉर्पची पदके गेली, त्याच खेळांत!

आपल्याकडे २००८ साली आयपीएल आली, २०१४ साली प्रो कबड्डी आली. ज्या कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावातच 'अमॅच्युअर' हा शब्द होता, त्या कबड्डीच्या खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. २०२२ साली क्रिकेट मंडळाने आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी स्त्री-पुरुषांचे मानधन सारखे केले आणि २०२३ साली मुलींची व्यावसायिक लीग सुरू झाली. हैदराबादच्या एका रिक्षाचालकाच्या मुलाला, मोहम्मद सिराजला, २०१७ साली २ कोटी ६० लाख रुपयांना करारबद्ध करण्यात आले. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने अभियांत्रिकीचा मार्ग सोडून चेंडू हाती घेतला आणि २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले. अशी उदाहरणे ऐकली की, पालकांच्या डोळ्यांसमोर सोन्याची खाण उभी राहते.

येथे मी थोडा हिशेब मांडतो. शिक्षकाची सवय आहे. रणजी स्पर्धेत ३८ संघ उतरतात. प्रत्येकी ११ धरले तर एका वेळी मैदानात ४१८ खेळाडू. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात. हे ४१८ जण चांगले कमावतात. २०२१ साली ठरलेल्या दराने रणजीच्या एका दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळतात. पण रांगेत उभी असलेली मुले किती असतील, याचा आपणच अंदाज करा. झहीरचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण तो पोहोचला. त्याच्याबरोबर गाडीत बसून मुंबईला गेलेल्या आणि परत आलेल्या मुलांची नावे कोणी छापत नाही. म्हणून दागिने मोडून अकादमीची फी भरणाऱ्या आणि नववीतच शाळा सोडायला लावणाऱ्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे : मुलाला खेळू द्या, पण दहावी-बारावीचे दार बंद करू नका. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण तेथेही शैक्षणिक पात्रता लागतेच. कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी सांभाळत २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक जिंकून आला. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे वैयक्तिक पदक नोकरीच्या आधाराने उभे राहिले, हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या शाळेतली गोष्ट. ज्या मुलाबद्दल पालकसभेत तक्रार आली, त्याचे नाव मी घेणार नाही. टेनिस बॉलच्या स्पर्धा आपल्या भागात दर रविवारी होतात, हे मी सांगायला नको. रोख इनाम, कधी मोटारसायकल. आणि चांगला गोलंदाज असेल तर सामन्याला ठरावीक रक्कम. हा मुलगा शेजारच्या एका संघाकडून तीन सामने खेळला आणि दीड हजार रुपये घेऊन आला. 'पैसे घेतले' म्हणून त्याला शाळेच्या संघातून काढावे, अशी सूचना आली. मी चौकशी केली. त्या पैशांचे त्याने काय केले? धावण्याचे बूट घेतले. तेच बूट घालून तो जिल्हा पातळीवर आपल्या शाळेसाठी धावला, आणि ज्या चषकाबरोबर आपण सर्वांनी फोटो काढला तो घेऊन आला. आपल्या क्रीडानिधीत बुटांची तरतूद नव्हती.

परंतु चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली, तिची तक्रार मात्र कोणी केली नव्हती. ती स्पर्धा गावापुरती मर्यादित होती. बाहेरचा खेळाडू चालत नव्हता. म्हणून त्या संघाच्या मोठ्या माणसांनी या मुलाला दुसऱ्याच एका मुलाच्या नावावर उतरवले. माझ्या मते दोष येथे आहे. मोबदला घेतला यात नाही, खोटे नाव घेतले यात आहे. घाम वाळण्याआधी मजुराच्या हातावर मजुरी ठेवावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. गोलंदाजाचा घाम काही वेगळ्या पाण्याचा नसतो. पण जी रोजी खोट्या नावावर मिळते ती हलाल कशी म्हणावी? त्या मुलाला मी हेच सांगितले. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "सर, पैशाबद्दल सगळे बोलले, नावाबद्दल कोणीच विचारले नाही."

पालकहो, या वाक्याचा आपण सर्वांनी विचार करावा. मुलाचे वय दोन वर्षांनी कमी लिहून त्याला लहान गटात खेळवणे, न खेळलेल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र मिळवून वाढीव गुण मागणे, ताकद वाढवण्यासाठी कसल्या तरी गोळ्या-पावडरी विचारल्याशिवाय देणे, या गोष्टी पैसे घेण्यापेक्षा कितीतरी लाजिरवाण्या आहेत. आणि त्या हौशी खेळातही चालतात. तसेच सामन्यावर पैज लावणे हा खेळाचा मोबदला नव्हे, तो निव्वळ जुगार. मोबाइलवरील पैशांच्या खेळांना २०२५ साली कायद्याने बंदी झाली. आपल्या धर्माने ती पूर्वीच केलेली आहे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. विद्यार्थी मित्रांनो, मन हौशाचे ठेवा आणि शिस्त व्यावसायिकाची ठेवा. पहाटे वेळेवर उठणे, सरावाला दांडी न मारणे, दुखापतीची काळजी घेणे, पंचाचा निर्णय मानणे, ही व्यावसायिकाची शिस्त. हरल्यावरही दुसऱ्या दिवशी मैदानावर यावेसे वाटणे, ही हौस. हौशीला शिस्त नसेल तर तो नुसता टवाळखोर होतो. व्यावसायिकाची हौस संपली तर तो भाडोत्री होतो. मुलींनाही मी हेच सांगतो. निजामाबादच्या निखत झरीनने २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षे मुष्टियुद्धाचे जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा घरच्यांनी आपल्या मुलीला आखाड्यात उतरू दिले होते, हे आपल्या आयाबहिणींनी आणि वडीलधाऱ्यांनी विसरू नये.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना दोन नम्र सूचना. क्रीडानिधीतून दरवर्षी गरजू खेळाडूंना बूट आणि प्रवासखर्च द्यावा, म्हणजे मुलांना त्यासाठी दुसऱ्याच्या नावावर खेळावे लागणार नाही. आणि बाहेर खेळणाऱ्या मुलांसाठी एक वही ठेवावी : कोठे खेळला, कोणत्या नावाने खेळला, किती मिळाले. जे उघड लिहिता येते त्याची लाज नाही. जे लिहिता येत नाही ते करू नये. तो मुलगा शाळेच्या संघात राहावा, अशी माझी शिफारस मी लेखी दिली आहे. वहीतले पहिले पान त्याने स्वतःच्या खऱ्या नावाने लिहावे, एवढीच अट घातली आहे.

 अल्लाह तआला आपल्या मुलामुलींना निकोप शरीर, सच्चे मन आणि हलाल रोजी देवो, अशी दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.